खालच्या आळीची अठ्ठावन्न मतं

१२ मार्च १९९५, रविवार

अखेर तुळशी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहायला तयार झाली. गेला महिनाभर तिच्या मोरिवली गावच्या चकरा मारून माझ्या चपलेचा अंगठा तुटला, पण काम फत्ते.

वॉर्ड बायकांसाठी राखीव झाल्यापासून मी उमेदवार बाई शोधत होतो. आमच्या नवलोक पक्षाकडे अंबरनाथात बाई म्हणून एकच, माझी बायको उमा, आणि तीही पक्षात नाही, पक्षाच्या माणसाच्या घरात आहे एवढंच. हे वाक्य तिने वाचलं तर आज पिठलंही मिळायचं नाही.

तुळशी मात्र वाघीण आहे. गेल्या वर्षी गावच्या विहिरीच्या पाण्यावर फेस आला, तेव्हा ती बादली भरून आमच्या कारखान्याच्या गेटवर येऊन बसली. वॉचमन हाकलायला लागला तर म्हणाली, "तुजे सायबाला बोलव. त्याला या पान्यानं अंगोल घालतंय." तो साहेब म्हणजे मी. मी खिडकीतून बघत होतो, खाली गेलो नाही.

विहिरीत काय उतरतं हे रंगाच्या कारखान्यातल्या केमिस्टने वेगळं सांगायला नको. नोकरीवर लाथ मारून बोंब ठोकण्याची माझी छाती नाही. दोन मुलींची लग्नं व्हायची आहेत. पण तुळशी नगरपालिकेत गेली तर जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रातल्या पाण्याची लाइन गावात येईल, विहीर सुटेल आणि मीही सुटेन. याला पापक्षालन म्हणायचं तर म्हणा.

१९ मार्च, रविवार

संध्याकाळी तुळशीच्या घरी बैठक. घरात तिचा नवरा जयदेव, सासू मोतीबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. जयदेवचा स्वतःचा टेम्पो आहे, प्रचाराला तोच. मोतीबाई सत्तरीची असेल, पण खालच्या आळीत तिचा शब्द मोडायची कुणाची टाप नाही. ही खालची आळी आमची, साठच्या साठ मतं. वरच्या आळीतले लोक विरोधी पॅनेलच्या बाईंचे सोयरे, तिकडे आशा नाही.

मोतीबाईने तांब्याभांडं पुढे केलं. मी म्हटलं, "आत्ताच पिऊन आलो." मग चहा आला, तो घेतला. उकळलेला असतो.

घरी येऊन हे उमाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, चार वेळा गेलात आणि चारही वेळा आत्ताच पिऊन आलात. त्या बायका काय दुधखुळ्या आहेत?" तिला केमिस्ट्रीतलं काय कळतंय!

७ एप्रिल, शुक्रवार

कारखान्याची सुट्टी. चिन्ह मिळालं, कपबशी. बरं झालं, रोज हातात असते.

दुपारी खालच्या आळीत एका लग्नाला जावं लागलं. माझी घड्याळाची शिस्त, बाराचं जेवण म्हटल्यावर मी बाराला हजर. मांडवात पानं मांडलेली, भाताची वाफ दिसतेय आणि मांडव रिकामा! लोक कुठे, तर आपापल्या ओट्यावर, नटूनथटून, डोक्याला फेटे बांधून बसलेले. मांडव हाकेच्या अंतरावर. भूक लागली असेल तरी कोणी उठेना. मग नवऱ्यामुलाचा काका घरोघर गेला तेव्हा मंडळी हलली. वेळेची किंमत नाही ती नाहीच. यांच्याकडून मतदान करून घ्यायचं म्हणजे माझी कसोटी आहे.

संध्याकाळी ठाण्याहून अण्णा आले. पक्षाचा जिल्हा त्यांच्या खांद्यावर आहे, चाळीस वर्षांत एकदाच निवडून आलेत, पण उमेद विशीतली. जाताना माझा हात धरून म्हणाले, "श्यामकांत, एकच गोष्ट लक्षात ठेव. मतदानाच्या दिवशी आधी आपली माणसं बाहेर काढायची. परक्यांच्या दारात नंतर जायचं." मी हो म्हटलं.

१६ एप्रिल, रविवार

मतदारांच्या चिठ्ठ्या वाटल्या. यादीतला नंबर, नाव, शाळेतली खोली आणि वर कपबशी. मी प्रत्येक चिठ्ठी हाताने लिहिली होती. तुळशीने एक शक्कल काढली, चिठ्ठीबरोबर प्रत्येक घरात चिमूटभर अक्षता द्यायच्या. मी आधी हसलो, मग म्हटलं ठीक आहे, लोकांच्या लक्षात राहील. बायकांनी चिठ्ठ्या देवापुढे ठेवून त्यांना कुंकू लावलं. आपल्या देशातली लोकशाही!

मोतीबाईने शेवटी विचारलं, "आवतान पोचला. आता बोलवाया कोन येनार?"

"जयदेवचा टेम्पो येईल की, आजी."

"गारीचा नाय इचारला. मानूस कोन येनार?"

म्हातारीला मान हवा, दुसरं काय. मी म्हटलं, "मी येईन. मी स्वतः." ती म्हणाली, "मग बेस." आळीतल्या बाकीच्या बायकाही मान डोलवायला लागल्या. मला जरा बरंच वाटलं. म्हणजे माझ्या शब्दाला इथे वजन आलंय.

२२ एप्रिल, शनिवार

उद्या मतदान. आठवडाभर रजा टाकलीय, यादी घेऊन दिवसभर बसलो होतो. पक्क्या मतांवर हिरवी खूण, डळमळीत मतांवर लाल. आमच्या कॉलनीत लालच लाल. नव्वद-पंचाण्णव मतं अशी आहेत की जो दारात उभा राहील त्याची. तीच निकाल लावणार.

अण्णांचं म्हणणं मी पुष्कळ घोळवलं. अण्णा मोठे आहेत, पण त्यांचा हिशेब जुन्या काळचा. गाडी एक, वेळ आठ ते पाच. जे आपलेच आहेत त्यांच्यावर सकाळ खर्च करायची म्हणजे पोटभर जेवलेल्याला वाढण्यासारखं आहे. आधी लाल, मग हिरवे. चार वाजता खालच्या आळीत जायचं आणि साठही जण एकदम आणायचे. घरच्या डब्यातले लाडू कुठे पळून जातात?

शेजारी हेमचंद्र कर्णिकांनी आपल्या घरची सात मतं आणि बिल्डिंगमधली आणखी वीस नक्की देतो म्हणून सांगितलंय. "गुप्ते, फक्त गाडीचं बघा," म्हणाले. मतदारांना गाडीने नेणं नियमात बसत नाही, पण सगळेच नेतात. साधुत्व दाखवायला आम्हीच कशाला?

२३ एप्रिल, रविवार

पाय दुखतायत, घसा बसलाय, पण मन तृप्त आहे. आत्ता सात वाजलेत, उमाने गरम पाण्यात मीठ घालून दिलंय, त्यात पाय सोडून लिहितोय.

तुळशी आणि जयदेव यांनी आठच्या ठोक्याला मत दिलं आणि ते माझ्या ताब्यात आले. सकाळपासून कॉलनी उपसली. काय एकेकाचे नखरे! एका बाईंना टेम्पोत बसायला लाज वाटते, त्यांना रिक्षा करून दिली. कर्णिकांच्या माई तिसऱ्या मजल्यावरून उतरेनात, तर मी आणि जयदेवने त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. माई वाटेत म्हणाल्या, "गुप्ते, किती हो करता! आमचा मुलगासुद्धा एवढं करत नाही." कर्णिक स्वतः म्हणाले जेवून येतो, जेवल्यावर म्हणाले थोडा पडतो, उठल्यावर टीव्हीवरचा सिनेमा. शेवटी साडेचारला आले.

बाराच्या सुमारास तुळशी म्हणाली, "सायब, आमचे घरची अजून आयली नाय. मी जाऊन आनतंय." मी तिला थांबवलं. उमेदवार बूथपाशी हात जोडून दिसायला हवा, तो गल्लीबोळात फिरला की लोकांना वाटतं याची माणसं फुटली. "मी स्वतः जातो, तू काळजी करू नकोस," म्हटलं. दोन वाजता तिला कॉलनीच्या गेटवर उभं केलं. त्याच वेळी जयदेवनेही विचारलं, "आता खाली जाऊया का?" तेवढ्यात पलीकडच्या बिल्डिंगमधून निरोप आला की अकरा मतं तयार आहेत. म्हटलं, ही फेरी आधी.

चारला निघणार होतो, तर कर्णिकांचा साडू बदलापूरहून आलेला, त्याचं नाव अजून आमच्याच यादीत, तो आणि त्याचे चौघे स्टेशनवर खोळंबलेले. टेम्पो तिकडे धाडला. पण मला चिंता नव्हती. शाळेच्या आवारात डोकावलो तेव्हा गावच्या बायकांची ही मोठी रांग, हिरवी-लाल लुगडी, कडेवर पोरं. ऊर भरून आला. माणसं स्वतःच्या पायांनी आली. गाडी लागते ती आम्हा सुशिक्षितांना.

पाच वाजता दार बंद झालं. मी तुळशीला म्हटलं, "झालीस नगरसेविका." ती लगेच घरी गेली. दमली असणार.

२४ एप्रिल, सोमवार

सदतीस मतांनी पडलो.

मतमोजणीच्या मांडवाबाहेर गुलाल उडत होता, तुळशी आणि मी कडेला उभे. मीच म्हटलं, "कुठे कमी पडलो कळत नाही." तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "सायब, तुमी सकालपासून काय खाल्लाव का?" मी नाही म्हटलं. म्हणाली, "घरा जा. बाय वाट बगत असंल."

२६ एप्रिल, बुधवार

बूथवर बसलेल्या आमच्या माणसाकडून खुणा केलेली यादी आली. कोण येऊन मत देऊन गेलं त्याच्या नावावर रेघ. हिरव्या खुणांची पानं काढून बसलो आणि डोळ्यांवर विश्वास बसेना.

खालची आळी, साठ नावं. रेघा दोन. तुळशी आणि जयदेव.

अठ्ठावन्न माणसं घरात बसून राहिली! मग त्या रांगेतल्या बायका? त्या वरच्या आळीतल्या असणार. मला चेहरे कुठे वेगळे ओळखता येतात?

संताप संताप झाला. ज्यांच्यासाठी मी नोकरी धोक्यात घातली, उन्हातान्हात खुर्च्या उचलल्या, त्यांना शाळेपर्यंत पंधरा मिनिटं चालवलं नाही? स्वतःच्या सुनेसाठी? स्वतःच्या पाण्यासाठी? उमा म्हणाली, "आधी जाऊन विचारा तरी." मी म्हटलं, विचारायचं काय, आकडे बोलतायत.

अण्णांना अहवाल लिहून टाकला. चार पानं. पराभवाचं कारण एका वाक्यात दिलं, "कॉलनी विभागात पक्षाने उत्तम काम केले; मात्र मोरिवली गावातील आपल्या मतदारांच्या उदासीनतेमुळे हातची जागा गेली." दुपारच्या टपालात टाकला.

५ मे, शुक्रवार

आज गेलो. जाब विचारायलाच गेलो होतो, खोटं कशाला लिहू.

तुळशी घरी नव्हती, टँकरवर गेली होती. मोतीबाई ओट्यावर बसलेली. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. "आजी, तुमच्या सुनेला तुम्हीच पाडलंत. साठातल्या अठ्ठावन्न जणांनी मत दिलं नाही. एवढाच आळस होता तर चिठ्ठ्या देवापुढे कशाला ठेवल्यात?"

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमी बसलो व्हतो ना."

"कुठे?"

"हितं. ओट्याव. सकाली आठपासना. समदी आली बसली व्हती आपापले ओट्याव. पोरी नवी लुगरी नेसल्या. बाप्ये कामाव गेले नाय, खारा पारला. जेवला पन नाय कोनी, म्हटला सायब मधीच आयला तं पानावशी उठाया नको."

रविवार. आमच्या कारखान्यांच्या इस्टेटीत शुक्रवारी सुट्टी, रविवारी काम असतं. या घरांतले निम्मे पुरुष कंत्राटावर, गेले नाहीत तर त्या दिवसाची मजुरी नाही. हे मला ठाऊक होतं. लक्षात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "अहो पण शाळा इथून पंधरा मिनिटांवर. चालत यायचं होतं."

"बोलावल्याबिगर कसा जावा?" ती रागावली नव्हती, लहान मुलाला समजवावं तसं सांगत होती. "आवतान तुमी दिला, अक्षता दिल्या. पन पानां मांडली का घरचा मानूस परत बोलवाया येतो. तो नाय आयला तं समजायचा, त्याला आपन नको. सोयरा असला तरी उठत नाय मंग कोनी. लाज हाय ना मानसाला."

पुढचं तिने खाली बघून सांगितलं. दुपारी दोनला आणि चारला टेम्पो आळीच्या तोंडावरून कॉलनीच्या माणसांना घेऊन गेलेला त्यांनी पाहिला. जयदेवने मान वळवून घेतली होती. दोनच्या फेरीला मी पुढे त्याच्या शेजारी बसलो होतो. पोरं 'आपली गारी, आपली गारी' म्हणून धावली, त्यांना बायकांनी मागे ओढलं. चार वाजता काही जण म्हणाले, चला, तुळशीसाठी जाऊ. तेव्हा मोतीबाईनेच त्यांना बसवलं. "सायब बोलला हाय सोता येनार. खोटा नाय बोलायचा तो," असं म्हणाली होती. पाच वाजता कारखान्याचा भोंगा ऐकला, मग उठून एकेकाने लुगडं बदललं.

मला बसावंसं वाटलं. ओट्यावर बसलो. या वेळी मला पाणी कोणी विचारलं नाही, आणि मागायचं तोंड मला नव्हतं.

लाज वाटते. एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. माईंना तीन मजले खुर्चीवरून उतरवलं, आणि इथे पंधरा मिनिटं चालत येऊन एक 'चला' म्हणायचं होतं, तेवढं माझ्याने झालं नाही. पुरतं खरं लिहायचं तर आठवणही झाली नाही असं नाही. बाराला झाली, दोनला झाली. दर वेळी मनात आलं, ही कुठे जातात?

येताना तुळशी वाटेत भेटली, दोन हंडे डोक्यावर. मी म्हटलं, "तुळशी, तुला त्याच संध्याकाळी कळलं होतं ना?" म्हणाली, "हां." "मग मला बोलली का नाहीस?" हंडे सावरत म्हणाली, "बोलून काय, गेलेली मता परत येतात?"

८ मे, सोमवार

अण्णांना दुसरं पत्र लिहिलं. अहवालातलं कारण चुकीचं आहे, चूक माझी आहे, गावकऱ्यांची नाही, वगैरे. वाचून पाहिलं. फार भावनिक झालंय. पुन्हा नीट लिहून टाकू.

२३ जून, शुक्रवार

पत्र अजून खणात. आता दोन महिन्यांनी तो विषय काढून अण्णांना कशाला त्रास, असंही वाटतं. अहवाल एव्हाना कुठल्या तरी फायलीत गेला असणार. कोण वाचतं?

उमाने विचारलं, "पत्र टाकलंत?" मी हो म्हटलं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

आज कॉलनीत नव्या लाइनचं पाणी आलं. निवडून आलेल्या बाईंनी नारळ फोडला. कर्णिकांनी पेढे वाटले आणि मला डोळा मारून म्हणाले, "गुप्ते, मत तुमच्याच कपबशीला दिलं होतं हं, पण काम कुणी का करेना!" मी पेढा घेतला. नळाला धार चांगली आहे, दुसऱ्या मजल्यावरही पंप लावावा लागत नाही. लाइन गावात कधी जाणार असं बाईंना विचारलं, तर म्हणाल्या पुढच्या टप्प्यात.

अकराच्या सुमारास दारात तुळशी. घरी पहिल्यांदाच आली. हातात पक्षाचं मासिक, जयदेवच्या नावाने जातं ते. तिची मुलगी सातवीत आहे, तिने तिला वाचून दाखवलं होतं. 'अंबरनाथमधील अनुभव' या मथळ्याखाली माझा अहवाल जसाच्या तसा, फक्त माझं नाव नाही, 'आमच्या निरीक्षकांकडून' एवढंच. आणि खाली चौकटीत निर्णय की यापुढे पक्षाने आपली शक्ती गावठाणात खर्च न करता वसाहतींवर केंद्रित करावी.

उमाने तिला बसायला पाट दिला, पाणी आणलं. तुळशी एका घोटात प्यायली. म्हणाली, "गोर हाय पानी."

मग मासिक माझ्यापुढे धरून त्या ओळीवर बोट ठेवलं. "सायब, ह्यो कोनी लिवला?"

उमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला त्या अहवालातलं अक्षर न् अक्षर माहीत होतं. मी मासिक हातात घेतलं, चष्मा लावला, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं वाचलं. कितीतरी वेळ वाचत राहिलो.

म्हटलं, "ठाण्याच्या ऑफिसातली माणसं लिहितात हे. त्यांना इथलं काही माहीत नसतं."

ती उठली. पदर खांद्यावरून घेतला. "मंग त्यांना एक सांगा, सायब. तुमचा ऐकतील ती. आमची म्हातारी आता कोनाशी बोलत नाय, तिला वाटते तिनंच सगल्यांना बसवून ठेवला. त्यांना सांगा, ती मानसा घरा निजली नव्हती. सकाली आठपासना तयार होऊन बसली व्हती. एवराच लिवाया सांगा."

मी म्हटलं, "सांगतो."

ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवून जिना उतरून गेली.